शव्ह म्हणजे ढकलणं

लग्न होऊन मी नागपूरहून बंगळूरला आले तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. सासर बसवनगुडीतलं. सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच, त्यामुळे घरात मराठी बोलत, पण माझ्या कानांना ती जरा वेगळी लागायची. सासूबाई म्हणायच्या, "स्वल्प मीठ कमी झालं की गं." सासरे, ज्यांना घरीदारी सगळे अण्णा म्हणत, ते कुठल्याही वादाचा शेवट "सरी, सरी" म्हणून करायचे. आणि मी काही बोलले की माझी धाकटी नणंद खुदुखुदु हसायची, कारण माझ्या तोंडून दर दोन वाक्यांनी "बाप्पा" निघायचं.

कन्नड मला अजिबात येत नव्हतं. इंग्रजी मात्र बरं होतं, एम.ए. त्यातच केलं होतं. घराजवळच्या एका छोट्या शाळेत सहावीला इंग्रजी शिकवायला बाई हव्या होत्या, म्हणून मी लागले.

पहिल्याच महिन्यात एका मुलीनं मला पकडलं. धड्यातला एक माणूस आधी दार 'पुश' करतो आणि पुढच्याच परिच्छेदात दुसऱ्या माणसाला 'शव्ह' करतो. मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मिस, दोन्हीचा अर्थ एकच का?"

मी म्हटलं, "हो. ढकलणं."

"मग दोन शब्द कशाला?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, शव्हमध्ये जोर जास्त असतो. ती म्हणाली, मग जोरात पुश केलं तर? मी म्हटलं, शव्ह करताना माणूस दुसऱ्याचा विचार करत नाही. ती म्हणाली, "मिस, पण पुश करणारा कुठे करतो?" तेवढ्यात घंटा झाली. मी म्हटलं, नीट बघून सांगते, आणि खडूचे हात झटकत बाहेर पडले. पण मला मजा वाटत होती. एम.ए.च्या दोन वर्षांत मला असं कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्याशी उभी राहून मी कोथिंबीर निवडत होते आणि डोक्यात तेच चालू होतं. आपल्याकडे किती शब्द आहेत! ढकलणं, लोटणं, रेटणं, सारणं, कोंबणं. दार लोटायचं, गर्दीत रेटायचं, ताट पुढे सारायचं. यातलं शव्ह कुठलं? नकळत मी मोठ्यानं म्हणत होते, "शव्ह... शव्ह..."

मागून सासूबाईंच्या हातातलं भांडं दाणकन खाली आलं.

"अय्यो! सकाळी सकाळी शव शव काय करतेस गं? कोणाचं शव?"

"आई, इंग्लिश शब्द आहे तो. ढकलण्याला म्हणतात."

"इंग्लिशमध्ये दुसरे शब्द नाहीत काय? घरात कार्य आहे. साखरपुडा तोंडावर आलाय. तो शब्द आता पुन्हा काढायचा नाही बघ."

कार्य नणंदेचं होतं. चिकपेटातल्या एका मराठी घरी तिचं जमलं होतं. त्यांचं साड्यांचं दुकान खाली आणि राहणं वर. बघण्याचा कार्यक्रम झाला तेव्हा मी माहेरी गेले होते, त्यामुळे नवरा मुलगा मी पाहिलेला नव्हता. नणंदेला विचारलं की ती म्हणायची, "चांगला आहे की," आणि कान लाल करून आत पळायची. मुलाच्या आजीला जिना उतरवत नव्हता, म्हणून साखरपुडा त्यांच्याच घरी, गच्चीवर मांडव घालून करायचं ठरलं होतं. मी सासूबाईंना हो म्हटलं. कार्य होईपर्यंत शव्ह बंद.

याच सुमारास आमच्या घरी एक पाहुणे येऊ लागले होते. आमचे हे ज्या कारखान्यात होते तिथे जर्मनीहून एक नवं यंत्र आलं होतं आणि ते बसवायला एक जर्मन गृहस्थ. वय पन्नाशीचं, उंची आमच्या दाराच्या चौकटीएवढी. गेस्टहाउसमध्ये एकटे कंटाळतात म्हणून हे त्यांना जेवायला आणायचे. त्यांचं इंग्रजी कारखान्यापुरतंच होतं. बोल्ट, ऑइल, टुमॉरो, व्हेरी गुड. पण पुरणपोळीवर तूप वाढलं की त्यांचा चेहरा असा फुलायचा की सासूबाईंना त्यापुढे भाषेची गरज वाटत नसे. त्यांनीच हुकूम काढला, "साखरपुड्याला यांना आणायचं. बिचारे घरदार सोडून आलेत."

आणि एक मोटार होती. अण्णांनी निवृत्त झाल्यावर हौसेनं घेतलेली, जुनी, करड्या रंगाची. ती चालायची उत्तम, पण एकदा बंद पडली की धक्क्याशिवाय सुरू होत नसे. सकाळी आमच्या रस्त्यावरचे शेजारी फिरून परत येताना आपणहून दोन हात लावून जायचे. अण्णा खिडकीतून त्यांचे आभार मानत निघून जायचे, कारण थांबले तर पुन्हा धक्का मारावा लागायचा.

साखरपुड्याच्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. हे मिठाई आणि फळांच्या परड्या घेऊन एका मित्राबरोबर रिक्षानं आधीच गेले. मोटारीत पुढे अण्णा आणि पाहुणे, मागे सासूबाई, मधे नणंद आणि दाराशी मी. नणंदेनं मोतिया रंगाची रेशमी साडी नेसली होती आणि ती हातातल्या रुमालाची घडी घालत होती, मोडत होती.

मार्केटपर्यंत सगळं छान झालं. चिकपेटात शिरलो आणि रस्ता संपला. रस्ता होता, पण दिसत नव्हता. सणाची खरेदी चालू होती. हातगाड्या, कापडाचे गठ्ठे डोक्यावर घेतलेले हमाल, फुटपाथ सोडून मधूनच चालणाऱ्या बायका. अण्णा हॉर्न वाजवत गोगलगायीसारखे पुढे सरकत होते. एक हातगाडी आडवी आली, अण्णांनी ब्रेक दाबला, मोटारीनं एक उचकी दिली आणि ती गप्प झाली.

"झालं," सासूबाई म्हणाल्या.

अण्णांनी किल्ली फिरवली. घर्र, घर्र, काही नाही. मागून रिक्षांचा ओरडा सुरू झाला. समोर मुलाचं घर दिसत होतं. दाराला तोरण, गच्चीवर मांडवाचं लाल कापड. पण मधे सगळं चिकपेट उभं.

अण्णांना स्टिअरिंग सोडता येत नव्हतं. सासूबाईंचे गुडघे दुखायचे. नवरीला उतरवणार कसं? मी पदर खोचला आणि उतरले. काचेतून पाहुण्यांना हातानं खूण केली आणि म्हटलं, "सर, प्लीज, पुश."

त्यांनी मान डोलावली. "पुश," ते म्हणाले. खाली उतरले, मोटारीला वळसा घालून अण्णांच्या खिडकीशी गेले, आत वाकून काळजीपूर्वक पाहिलं, आणि आपलं लांबलचक बोट पुढे करून हॉर्न दाबला.

मला आधी कळेचना. मग डोक्यात उजेड पडला. यंत्रावर काम करणारा माणूस तो, त्याच्यासाठी पुश म्हणजे बटण दाबणं!

"नो, नो! कार! पुश कार!"

ते बॉनेटपाशी गेले आणि तिथलं काही दाबता येतं का ते शोधू लागले. रिक्षावाले आता खाली उतरले होते. मी मोटारीच्या मागे गेले, दोन्ही तळहात डिकीवर टेकले, अंग झोकून दिलं आणि सासूबाईंची ताकीद पार विसरून ओरडले, "शव्ह! सर, शव्ह!"

ते एकदम थांबले. डोळे मोठे झाले.

"शव्ह?" ते म्हणाले. मग माझे हात बघितले, डिकी बघितली, आणि चेहरा पुरणपोळीला फुलायचा तसा फुलला. "आ! शीबन! शीबन!"

लांब ढांगा टाकत ते माझ्या शेजारी आले. कोट काढून माझ्या खांद्यावर टाकला, बाह्या वर केल्या, पाठ मोटारीला लावली आणि असा रेटा दिला की आत सासूबाई ओरडल्या. मोटार हलली. मी म्हटलं, "शव्ह!" ते म्हणाले, "शीबन!" आणि पुन्हा एक रेटा.

परदेशी पाहुणा मोटार ढकलतोय हे बघून दोन हमाल गठ्ठे बाजूला ठेवून धावत आले. त्यांच्यामागून आणखी दोघे. जड काम करताना ताल लागतो, तो त्यांनी आमच्याकडून उचलला. शीबन त्यांच्या जिभेवर बसेना. शव्ह बसला. फक्त तो त्यांच्या तोंडी कानडी झाला.

"शवाऽ... हैसा! शवाऽ... हैसा!"

कन्नडमध्येही शव म्हणजे शवच. माझ्या हे लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता.

पुढची गर्दी बघता बघता दुभंगली. बायकांनी पोरांना जवळ ओढलं. हातगाडीवाल्यानं गाडी भिंतीला लावली. एका दुकानदारानं गल्ल्यावरून उठून चपला काढल्या आणि हात जोडले. एक म्हातारे गृहस्थ डोक्यावरची टोपी हातात घेऊन मान खाली घालून उभे राहिले, आणि आमची मोटार त्यांच्यासमोरून शांतपणे गेली. आतून नणंदेचं मोतिया पदराखालचं डोकं सगळ्यांना दिसत होतं. शेजारी सासूबाईंनी दोन्ही हातांनी कान झाकले होते.

"ओरडू नका! अहो, ओरडू नका!" मी हमालांना मराठीत सांगत होते. त्यांना वाटलं, मी अजून जोर मागतेय.

तेवढ्यात समोरून एक तरुण जवळजवळ पळतच आला. नवा झब्बा, कपाळाला गंध. तो माझ्यापाशी येऊन अगदी हळू आवाजात, आदबीनं कन्नडमध्ये काहीतरी विचारू लागला. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. शेजाऱ्यांकडून ऐकून ऐकून पाठ झालेलं कन्नडचं एकच अख्खं वाक्य मला येत होतं, ते मी वापरलं.

"स्वल्प तळ्ळी, अण्णा." म्हणजे, जरा ढकला, दादा.

तो गोंधळला. माझ्याकडे, जर्मन पाहुण्यांकडे, खांद्यावरच्या कोटाकडे बघितलं. पण मुलगा संस्कारी. झब्ब्याच्या बाह्या सरकवल्या आणि आमच्यात घुसून ढकलायला लागला. मागच्या काचेतून नणंद आमच्याकडे बघत होती. ती काचेवर टकटक करून मला काहीतरी खुणावत होती. बोट त्या मुलाकडे, मग स्वतःकडे, मग कपाळाला हात. मला वाटलं, ती म्हणतेय जोर लावा. मी त्या मुलाला म्हटलं, "स्वल्प तळ्ळी, स्वल्प तळ्ळी!"

रस्ता मोकळा झाल्यामुळे मोटारीला वेग मिळाला. अण्णांनी क्लच सोडला. धाडकन एक आवाज झाला, काळ्या धुराचा लोट आमच्या तोंडावर आला आणि मोटार सुरू झाली. हमालांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांनी हात जोडले होते तेही आता वाजवत होते. मोटार तोरणाच्या दारापाशी जाऊन थांबली आणि दार उघडून नणंद धावत माझ्याकडे आली.

"वहिनी! अगं, हेच ते!"

"कोण?"

"हेच!"

मी त्या मुलाकडे बघितलं. त्याचा झब्बा कोपरापर्यंत काळा झाला होता. मग त्यानं मराठीत सांगितलं, बिचारा अजून दम खात होता. वर गच्चीवर सगळ्यांना 'शव शव' ऐकू आलं. वडील म्हणाले, जा, त्या लोकांना हात जोडून सांग की आमच्याकडे शुभकार्य आहे, जरा पलीकडच्या गल्लीनं न्या. "म्हणून मी विचारत होतो," तो म्हणाला, "की कोण गेलं?"

नणंद तोंडावर रुमाल धरून हसायला लागली. तो तिच्याकडे बघून हसायला लागला. आमचं लग्न ठरवताना आम्ही दोघं एका खोलीत बसून हवापाण्याबद्दल बोललो होतो. या दोघांचं नशीब बघा.

पण वर गेल्यावर हसू थांबलं. मांडवात माणसं कुजबुजत होती. मुलाची एक आत्या मोठ्यानं म्हणाली, ऐन मुहूर्ताला दारात असला शब्द यावा, हे काही बरं नाही. सासूबाईंचे डोळे भरून आले होते. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, आणि ते मला रागावण्यापेक्षा जड वाटत होतं. आमचे हे एका कोपऱ्यात फळांची परडी धरून उभे, काय झालंय ते न कळून.

तेव्हा मी बोलले. सासरी आल्यापासून चार माणसांसमोर मी पहिल्यांदाच एवढं बोलत होते. म्हटलं, "आत्या, तो आपला शब्दच नाही. इंग्लिश आहे. शव्ह म्हणजे ढकलणं. आणि हे पाहुणे जर्मन, त्यांच्याकडे त्याला शीबन म्हणतात. मी पुश म्हटलं तर यांनी हॉर्न वाजवला. शव्ह म्हटलं तर यांना आपल्या घरातला शब्द वाटला. मला वाटतं, ते दोन शब्द भाऊ भाऊ असावेत. लांब राहणारे, पण नाक एकसारखं."

माझ्या तोंडून शीबन ऐकून पाहुण्यांना वाटलं, पुन्हा कामाला बोलावणं आलं. ते उठले. इकडेतिकडे बघितलं, मोटार तर नव्हती. नवरा मुलगा लाकडी खुर्चीवर बसला होता. पाहुण्यांनी त्याची खुर्ची मागून धरली, "शीबन!" म्हणाले आणि सतरंजीवरून सरळ ढकलत नेऊन नणंदेच्या पाटाशेजारी लावली.

मग कोपऱ्यातून एक किनरा आवाज आला. मुलाची आजी, जिच्यासाठी हा सगळा घाट, ती बोळकं तोंड उघडून हसत होती. "बरं झालं की," ती म्हणाली. "हा सकाळपासून लाजून तिकडे बसलाय. कुणीतरी ढकलायलाच पाहिजे होतं." मुलाचे वडील हसून आडवे झाले. ते म्हणाले, "आमची सून अख्ख्या चिकपेटला नमस्कार करायला लावून आली. अजून काय शुभ पाहिजे?" सगळा मांडव हसला. आत्या हसल्या नाहीत. जेवताना मात्र त्यांनी जिलेबी दोनदा घेतली.

सासूबाई माझ्याजवळ आल्या, माझ्या खांद्यावरून तो भला मोठा कोट काढला आणि माझ्या गालावरची काजळी पदरानं पुसली. "भाऊ भाऊ काय," म्हणाल्या. "कुठून सुचतं गं तुला?"

खरं म्हणजे सुचलेलं होतं, माहीत नव्हतं. म्हणून पुढच्या आठवड्यात शाळा सुटल्यावर मी वाचनालयात गेले आणि सगळ्यात जाड इंग्रजी शब्दकोश मागितला. बघते तर काय, मी बरोबर होते. शव्ह हा इंग्रजीतला फार जुना, घरचा शब्द. जर्मन शीबन आणि तो एकाच मुळाचे. ज्याला आपण फावडं म्हणतो त्याचा इंग्रजी शब्द शव्हल, तोही त्याच घरातला, कारण फावड्यानं माती पुढे लोटतात. म्हणजे शेतात, अंगणात, मातीत राबणाऱ्यांचा शब्द. आणि पुश? तो नंतरचा पाहुणा. लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणि फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला. त्याचं मूळ ठोकणं, आपटणं असं. आणि त्याच मुळापासून पल्स, म्हणजे आपल्या मनगटातली नाडी. तिथे बसल्या बसल्या मी स्वतःची नाडी धरून बघितली. आत कोणीतरी सारखं पुश करत होतं. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसले आणि समोरच्या गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली घेऊन माझ्याकडे बघितलं.

वर्गात मी हे सगळं सांगितलं. मुलांनी नाड्या धरल्या. प्रश्न विचारणारी ती मुलगी नाडी धरूनच म्हणाली, "मिस, म्हणजे पुश बोटानं आणि शव्ह पाठीनं." कोशात असं कुठेच नव्हतं. पण चिकपेटात मी तेच बघितलं होतं, म्हणून मी ते फळ्यावर लिहिलं.

नणंदेचं लग्न मार्गशीर्षात झालं. पाहुणे तोवर यंत्र बसवून आपल्या देशी गेले होते. पंगतीत सासूबाई वाढता वाढता थांबून नागपूरहून आलेल्या माझ्या आईला ती हकिकत सांगत होत्या. त्यांच्या सांगण्यात गर्दी मार्केटपर्यंत पसरली होती, हमाल वीस-पंचवीस झाले होते आणि जावयानं मोटार जवळजवळ एकट्यानंच उचलली होती. सांगता सांगता त्या इतक्या हसल्या की मठ्ठ्याचं भांडं डुचमळायला लागलं. मी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि पुढच्या पानाकडे वळले.